दौंडपासून पहिल्या वर्गानं

रेल्वेत नोकरी करणाऱ्या माणसाच्या बायकोला रेल्वेत जागा मिळत नाही, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. ‘तुमचं काय बाई, घरची गाडी!’ असं म्हणायचे लोक. कप्पाळ माझं घरची गाडी! आपलीच मोरी आणि... पुढचं लिहीत नाही, पण ती म्हण आमच्यासारख्यांसाठीच काढलेली असणार.

आमचे हे सोलापूरला रेल्वेच्या ऑफिसात कारकून होते. आम्हाला प्रवासाचा पास मिळायचा तो तिसऱ्या वर्गाचा. मग सरकारनं तिसरा वर्ग बंद केला, म्हणजे डब्यावरचे तीन दांडे पुसून दोन केले. बाकं तीच, गर्दी तीच, खिडकीतून आत येणाऱ्या वळकट्याही त्याच. दर उन्हाळ्यात मुलांना माळशिरसला सासूबाईंकडं सोडून आम्ही पुण्याला दादाकडं, माझ्या भावाकडं जायचो, ते असल्या डब्यातून.

दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, त्यामुळं माझं लग्न त्यानंच जमवलं. पुण्याच्या स्टेशनावर तो दर वेळी घ्यायला यायचा. मी डब्यातून उतरायचे ती केस विस्कटलेली, साडीचा चोळामोळा झालेला, एकदा तर एका पायात चप्पलच नव्हती. दादा ट्रंक उचलायचा आणि टांग्यापर्यंत खाली बघत चालायचा. एकदा मात्र वहिनीला म्हणाला, ‘तिकडं दिली ती मीच ना.’ मी दाराआड होते, मला ऐकू आलं. तेव्हापासून माझ्या मनानं घेतलं, की एकदा, फक्त एकदा, दादाच्या डोळ्यांदेखत पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरायचं. नीट, शांतपणे, पदर सावरून. म्हणजे त्याच्या जिवाला बरं वाटेल.

आणि तसा योग आला. पगाराच्या श्रेणी बदलल्या आणि हे पहिल्या वर्गाच्या पासाला पात्र झाले. संध्याकाळी पेढे घेऊन आले. मी ताटलीत चार पेढे घेऊन शेजारच्या क्वार्टरात निघाले, तर शेजारीण ताटली घेऊन माझ्याकडंच येत होती. तिच्या मागं तिची शेजारीण. आमच्या ओळीत त्या आठवड्यात नऊ घरांत पेढे वाटले गेले. खायला गोड लागले, पण मला तेव्हाच कळायला हवं होतं. गाडीला पहिल्या वर्गाचा डबा एकच होता!

मी दादाला पोस्टकार्ड टाकलं, ‘या खेपेला आम्ही पहिल्या वर्गानं येतोय, त्या डब्याशी थांब.’ ठेवणीतली साडी इस्त्री करून आणली. हे रोज ऑफिसात साहेबाच्या मागं लागून जागेसाठी चिठ्ठी मिळवून आले. ‘साहेबाची चिठ्ठी आहे, आता काळजी नको,’ म्हणाले.

स्टेशनावर जाऊन बघतो तो काय, प्रत्येकाच्या खिशात कुठल्या ना कुठल्या साहेबाची चिठ्ठी! डब्याला चिकटवलेल्या यादीत आमचं नाव नाही. आत चार बर्थांच्या खोलीत अकरा माणसं, आणि भांडण चाललेलं जागेचं नव्हे, नोकरीचं.

‘तुम्ही कधी लागलात?’

‘तुमच्या आधी सहा महिने. सरका.’

‘पण माझं प्रमोशन तुमच्या आधी झालंय.’

‘ते ऑफिसात! हितं न्हाय चालायचं!’

त्यांच्या बायकाही काही कमी नव्हत्या. ‘आमच्या ह्यांचा ग्रेड’ हे शब्द मी त्या पाच मिनिटांत इतक्यांदा ऐकले, की कान किटले. खिडकीशी एक कापडाचा व्यापारी अंग चोरून बसला होता. त्यानं म्हणे रोख पैसे मोजून तिकीट काढलं होतं. सगळा डबा त्याच्याकडं संशयानं बघत होता.

नोकरीच्या त्या हिशेबात आम्ही सगळ्यांत धाकटे. पास हातात पडून महिनासुद्धा झाला नव्हता. टीसी ह्यांच्या ओळखीचाच, तो हात जोडून म्हणाला, ‘भाऊसाहेब, डब्यातल्या बोळात उभं राहायलासुद्धा सीनियर लोक आहेत हो.’ वीस वर्षं ज्या पासाची वाट बघितली, तो असा हातात धरून हे उभे होते. मला त्यांची दया आली आणि रागही आला. गाडीनं शिट्टी दिली आणि आम्ही धावत मागं जाऊन नेहमीच्या डब्यात घुसलो.

तिथं मंगळवेढ्याकडची एक बाई पाय पसरून बसली होती. तिनं माझी साडी बघितली, घाम बघितला, आणि बाकावर सरकून म्हणाली, ‘बसा की वैनी. लई दमलाव जनू.’ ना ग्रेड विचारला, ना पास. शेंगा दिल्या, वर आपल्या तांब्यातलं पाणी दिलं. कुर्डुवाडी गेलं, जेऊर गेलं. वारा लागला, माझा डोळासुद्धा लागला. खरं सांगते, त्या गाडीत इतक्या सुखानं मी त्याआधी कधी बसले नव्हते.

पण भिगवण गेलं तसा जीव खाली-वर व्हायला लागला. दादा तिकडं पहिल्या वर्गाच्या डब्याशी उभा असणार, आणि मी आपली शेपटाकडच्या डब्यातून उतरणार! ह्यांना म्हटलं, ‘दौंडला गाडी थांबली की पुढं जायचं.’

‘जागा नाही तिथं.’

‘उभी राहीन.’

‘वेड लागलंय का तुला? इथं बसायला मिळालंय.’

‘लागलंय. ट्रंक घ्या.’

ती बाई आमच्याकडं बघतच राहिली. ‘अगं बया! बसल्या जागंवरनं उठून हुबं ऱ्हायाला कोन जातं व्हय?’ मी काय सांगणार होते? तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं.

दौंडपासून पुण्यापर्यंत पहिल्या वर्गाच्या बोळात, संडासाच्या दाराशी, मी एका पायाचा भार दुसऱ्या पायावर टाकत उभी राहिले. दर दहा मिनिटांनी कुणाला तरी आत जायचं असे, की मी भिंतीला चिकटायचे. इस्त्री तर केव्हाच गेली. हे ट्रंक दोन्ही हातांनी धरून माझ्याकडं न बघता उभे.

पुणं आलं. मी पदर सावरला, केसांवरून हात फिरवला आणि दारात उभी राहिले. हळूच उतरले. मान वर केली तर फलाटावर हमाल होते, साहेब लोकांचे शिपाई होते. दादा नव्हता.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग गाडीच्या शेवटाकडून दादा येताना दिसला. धापा टाकत होता, शर्ट घामानं भिजलेला. मागच्या डब्यांच्या सगळ्या खिडक्यांतून वाकून वाकून मला शोधत आला होता.

‘पत्र नाही मिळालं?’ मी विचारलं.

‘मिळालं की.’ तो ट्रंकेवर हात टेकून श्वास घेत म्हणाला, ‘पण म्हटलं, ऐन वेळी नसेल मिळाली जागा, तर त्या गर्दीतून तुला कोण उतरवून घेणार?’

मला रडूच कोसळलं. भर फलाटावर, लहान पोरीसारखं. ‘दौंडपासून उभी आहे रे मी,’ म्हटलं. ‘चांगली बसले होते, ती उठून इकडं आले. तू एकदा बघावंस म्हणून. आणि तू नव्हतासच.’

दादाला क्षणभर काही कळेना. मग कळलं, आणि तो खाली बघायला लागला, नेहमीसारखा. ही गाडी पुढं मुंबईला जायची, आणि पुण्याला इंजिन बदलायचं म्हणून बराच वेळ थांबायची. त्यानं इंजिनाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

‘चढ परत,’ म्हणाला. ‘मी इथं उभा आहे. चढ, आणि उतर.’

‘वेडा आहेस का? पाय उचलत नाहीत माझे.’

‘चढ गं.’

दारात आता मुंबईला जाणाऱ्या पासवाल्यांची झुंबड उडाली होती, इथल्या साहेबांच्या चिठ्ठ्या फडकवत. मी दांडीला हात लावला मात्र, आणि दारातल्या नव्या टीसीनं माझ्या चुरगळलेल्या साडीकडं बघितलं. ‘ओ बाई, हा पहिला वर्ग आहे. सेकंड क्लास मागं.’

माझा दादा म्हणजे आयुष्यात कुणाशी चढ्या आवाजात न बोललेला माणूस. भाजीवालीशीसुद्धा नाही. तो तीरासारखा पुढं आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून असा काही ओरडला, की हमालसुद्धा वळून बघायला लागले.

‘मागं काय मागं! माझी बहीण आहे ही! सोलापूरहून पहिल्या वर्गानं आलीय!’