रिकाम्या पोटाचं एन्झाइम

वीस वर्षं मी जळगावच्या एका कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवतोय. एचएमजी-कोए लायेज नावाच्या एन्झाइमची सक्रिय जागा मी डोळे मिटून फळ्यावर काढतो. एवढीशी खोबण, आत मॅग्नेशियम, शेजारी आर्जिनीन नावाचं एक अमिनो आम्ल. पोट रिकामं राहिलं की शरीर चरबी जाळतं आणि त्यातून कीटोनचं इंधन तयार होतं ते याच खोबणीत. मेंदू त्यावर तग धरतो. परीक्षेला हमखास येतं, एवढंच मी मुलांना सांगायचो. विद्येचा तोरा होता, दुसरं काय.

धाकटी बहीण सावद्याला दिलेली, केळीवाल्या घरात. यंदा तिची तीन वर्षांची मुलगी तापात बेशुद्ध पडली, रक्तातली साखर पार तळाला. ती वाचली. तपासणीसाठी रक्त मुंबईला गेलं आणि रिपोर्ट आल्यावर बहिणीनं तो माझ्या हातात दिला, कारण घरातला शिकलेला मीच. खोबणीतलं तेच आर्जिनीन मुलीत बदललेलं होतं, म्हणून पोट रिकामं राहिलं की तिच्यात ते इंधन तयारच होत नाही. फळ्यावर मी ते पुसून पुन्हा काढू शकतो. भाचीच्या अंगात मला काहीच करता येत नाही, आणि याचा मला भयंकर राग येतो. औषधही नाही. तिला उपाशी राहू द्यायचं नाही, प्रथिनं बेतानं द्यायची, उलटी-ताप दिसला की तडक दवाखाना.

हे सगळं मी बहिणीला ओट्यावर बसून समजावलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "भाऊ, पहिल्याले बी हेच व्हतं का?"

पहिला म्हणजे तिचा मुलगा. दीड वर्षाचा असताना त्याला उलट्या लागल्या. उलट्या लागल्या की आमच्याकडे लंघन देतात, पोटाला आराम म्हणून. तरी तिनं मला फोन करून विचारलं होतं, आणि मी प्राध्यापकाच्या ऐटीत सांगितलं होतं, "बरोबर हाये. आजचा दिवस काही देऊ नको, नुसतं पानी पाज." दुसऱ्या दिवशी तो गेला. सगळ्यांनी नशिबाला बोल लावला. मीही लावला.

"त्याची तपासनी झाली नव्हती," मी म्हणालो. "आता कसं सांगू?"

ते खोटं नव्हतं. तरी मला स्वतःची लाज वाटली.

ती उठली. मुलीला भात भरवला, तिचं तोंड पुसलं. मग माझ्यापुढे भाकरी आणि भरताचं ताट ठेवलं.

"खाऊन घे भाऊ," ती म्हणाली. "सकायपासून उपाशीच हाये तू."