हातोडीच्या आधी

गाझियाबादच्या ज्या कारखान्यात माझी ताई चाचणी विभागात इंजिनियर होती, त्याच कारखान्याच्या गेटवर मी युनियनची पत्रकं वाटायचे. राहायचो एकाच फ्लॅटमध्ये. बाहेर ओळख दाखवायची नाही, हा ताईचा नियम.

कारखाना ट्रान्सफॉर्मरचा. ट्रान्सफॉर्मरच्या पोटात खास पोलादाच्या पातळ पट्ट्या एकावर एक रचतात, तो कोर. त्या उन्हाळ्यात कोर चाचणीत नापास व्हायला लागले. पुढे एक दिवासुद्धा जोडलेला नसताना नुसतेच वीज खायचे, आणि वर गुरगुरायचे. मॅनेजमेंटला गुन्हेगार लगेच सापडला: कोर रचणारे, बिहारहून आलेले एक वयस्क कारागीर. सगळे त्यांना चाचा म्हणत. आरोप असा, की ते हातोडीने ठोकून कडा सारख्या करतात, त्याने पोलाद बिघडतं. अरे, पण तिथे सगळेच तसं करतात! कामावर नवा माणूस आला की त्याच्या हातात आधी हातोडीच देतात. तरी चौकशी बसली ती एकट्या चाचांची. नोकरी जाणार, हे जवळपास ठरलेलंच होतं.

मी पत्रक लिहिलं. मथळा झकास जमला होता: ‘ताण पोलादालाही सोसत नाही, माणसाला कसा सोसेल?’ ताईला वाचून दाखवलं.

“चूक आहे,” ती पोळी लाटता लाटता म्हणाली.

“काय चूक?”

“या पोलादाला लांबीच्या दिशेने थोडी ओढ चांगली असते. त्याच्यावरचा लेप मुद्दाम तशी ओढ देतो, त्याने चुंबकत्व सहज वाहतं. वाईट तो दाब, वाक, ठोका. आणि पुढारीणबाई, ठोक्यावर तुम्ही दोन परिच्छेद लिहिलेत. साहेबाला आयता पुरावा. चाचांना तूच घरी बसवणार बघ.”

“मग खरं काय ते सांग ना, यार!”

तिने गॅस बारीक केला. “आमच्या पट्ट्या अरुंद. मशीनवर कापल्या की कडेचं पोलाद आतून पिळवटलेलं राहतं. भट्टीत तापवून सावकाश निववलं की तो पीळ जातो. होळीपासून भट्टी बंद आहे. गॅस वाचवतायत.”

“चौकशीत सांग.”

“आणि मला काढलं की माझ्यावरही एक पत्रक काढशील, अच्छा?”

मी पत्रकातले ठोक्यावरचे दोन्ही परिच्छेद खोडले.

चौकशीत चाचांच्या वतीने मी बसले. समोर साहेब, बाजूला साक्षीदार म्हणून ताई. ती काय बोलणार, हे तिने मला शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. मी परक्यासारखं विचारलं, “मॅडम, हथौड़ी लगने से पहले पट्टी कैसी थी?”

“खराब.”

साहेब म्हणाला, “सोच के बोलिए.”

“सोच के ही बोल रही हूँ, सर. मशीन से कटी पट्टियाँ सीधे मैंने लीं, चाचा ने छुई भी नहीं. नापीं, फेल. लॅब की छोटी भट्टी में पकाईं, फिर नापीं, पास.”

“मतलब हथौड़ी का कोई कसूर नहीं?”

“है. थोड़ा.”

मला वाटलं, टेबलाखालून हिला एक लाथ घालावी. सुटत आलेला माणूस ही पुन्हा अडकवते की काय! चाचा खाली मान घालून बसले होते.

“हथौड़ी भी नुकसान करती है,” ताई म्हणाली, “पर इनको हथौड़ी दी किसने?”

साहेबाने पाणी मागवलं.

चाचा राहिले. ताईला मात्र चाचणीतून काढून स्टोअरमध्ये बसवलं, ‘प्रशासकीय कारणाने’. मोठी भट्टी पेटते, पण ज्या मालाच्या चाचणीला गिऱ्हाईक स्वतः हजर राहणार, तेवढ्यापुरतीच. बाकीचा माल तसाच, न तापवलेल्या पट्ट्यांचा जातो, कुठल्यातरी वस्तीच्या कोपऱ्यावर गुरगुरत उभा राहायला. पुन्हा कोर नापास झाले तर पुन्हा चाचांनाच बोलावतील, आणि आता ताई चाचणीत नाही.

मी घरात आदळआपट केली. ताई म्हणाली, “चाचांची नोकरी राहिली ना? आपण बिल्कुल तेवढंच मागितलं होतं.”

खरं होतं ते. तेवढंच मागितलं होतं, आणि त्यांनीही अगदी तेवढंच दिलं.