क्लाउडच्या कॅलेंडरातला पोळा

माझ्या बहुतेक चुका अज्ञानातून झाल्या. ही मात्र सगळं माहीत असून, वर पोटभर जेवून झालेली आहे.

आमची कंपनी लातूरची. बैलांचा साज विकते. कासरे, वेसणी, झुली, घुंगरमाळा, शिंगांचे गोंडे. वर्षभर किरकोळ खप असतो. खरा धंदा पोळ्याआधीच्या आठ दिवसांत. तालुक्याच्या गावांतले दुकानदार त्या दिवसांत मोबाइलवरून मागणी टाकतात. देवणीकडचा माल लातुरातून जातो, लोहा-उमरीकडचा नांदेडच्या गोदामातून. मी कंपनीचा आयटी प्रमुख. माझ्या हाताखाली दोन संगणक आणि एक आवाज करणारा पंखा.

कंपनीच्या मालकीणबाईंना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात. एक दिवस त्यांनी विचारलं, “आपलं सगळं त्या क्लाउडवर नेलंय म्हणता. त्यानं धंद्याला काय होऊन राहिलंय, ते एकदा नीट सांगा बरं.”

एवढं निमित्त मला पुरे होतं. मी बेचाळीस स्लाइड केल्या. पहिलीवर मोठ्या अक्षरात ‘व्यावसायिक उद्दिष्टांशी सुसंगत क्लाउड धोरण’. ‘सुसंगत’ हा शब्द मी हैदराबादच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणातून आणला होता आणि तो कुठंतरी वापरल्याशिवाय मला झोप लागत नव्हती.

धोरण सोपं होतं. क्लाउडवरची यंत्रं भाड्याची. काम वाढलं की जास्त घ्यायची, ओसरलं की परत करायची. मी गेल्या वर्षीची नोंद काढली. मागण्यांची रेघ एका आठवड्यात ताडासारखी उभी राहिलेली, मग पुन्हा आडवी. म्हटलं, झालं! यंदा त्याच तारखांना दहा यंत्रं चालू करायची आणि आठवडा सरला की एकावर आणायची. सगळं आपोआप. मी खुर्चीतून उठायचीही गरज नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. पण अडतिसाव्या स्लाइडवर मी लिहिलं, सगळा साठा आता एका जागी दिसतो, तेव्हा दोन गोदामं कशाला? पोळा झाला की नांदेडचा माल लातूरला आणा आणि गोदाम बंद करा. खाली ‘मनुष्यबळाची फेररचना’.

नांदेडचं मनुष्यबळ म्हणजे चाचा. एकटे. तीस वर्षं त्या गोदामाची किल्ली त्यांच्या कमरेला. त्यांचे आजोबा नांदेडच्या जुन्या गावात गोंडे बांधायचे. घरातल्या बायका अजून बांधतात आणि तो माल आमच्याकडेच येतो. त्या दिवशी चाचा बैठकीला मुद्दाम लातूरला आले होते. अडतिसाव्या स्लाइडकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

“साहेब, ह्यात मी कुठं हाय?”

“चाचा, हे जरा वरच्या पातळीवरचं आहे.”

“अच्छा. तारखेचं एक बोलू का?”

“प्रश्न शेवटी घेऊ,” मी म्हणालो. शेवटी जेवण आलं. प्रश्न राहिला.

बाई निघताना म्हणाल्या, “ठीक हाय. या पोळ्याला तुमचं मशीन नीट चाललं, तर नांदेडचं बघू. चाचा, वाईट वाटून घेऊ नका.”

“वाईट कशाचं, बाई,” चाचा म्हणाले. पण कमरेची किल्ली त्यांनी मुठीत धरली होती.

ठरल्या तारखेला दहा यंत्रं चालू झाली. मी पडद्यासमोर चहा घेऊन बसलो. पहिल्या दिवशी तीन मागण्या आल्या. दुसऱ्या दिवशी दोन. त्यातली एक चुकून आली म्हणून रद्द झाली. आठवडाभर दहा यंत्रं रिकामी बसून होती. मी बाईंना अहवाल पाठवला. ‘यंदा बाजारात मागणी कमी. मात्र आपली यंत्रणा अत्यंत सक्षम.’ तो त्यांनी उघडलाच नाही, हे मला मागाहून कळलं. आठवडा संपताच यंत्रं ठरल्याप्रमाणे एकावर आली आणि मी नांदेडला फोन केला.

“चाचा, पोळ्याचा हंगाम संपला. माल लातूरला पाठवा.”

“हाव साहेब. गाडी मिळाली की लगेच.”

दुसऱ्या दिवशी गाडी मिळाली नाही. तिसऱ्या दिवशी मिळाली, पण पंक्चर. मग ड्रायव्हरच्या मेहुणीचं लग्न निघालं. नांदेड शहरात आठवडाभर एकही वाहन फिरत नसावं, अशी माझी समजूत झाली.

आणि एका सकाळी पडदा लाल झाला. एकदम शेकड्यांनी विनंत्या. लोह्यातून, उमरीतून, देवणीतून. एकच बटण, एकच माणूस, वीस-वीस वेळा. एकटं यंत्र धापा टाकायला लागलं. आता कोणाही शहाण्या माणसाला काय वाटलं असतं? हंगाम आला. मला काय वाटलं? हल्ला झाला! प्रशिक्षणात अगदी असंच चित्र दाखवलं होतं. मी क्षणाचाही विलंब न लावता लोहा, उमरी आणि देवणीच्या सगळ्या दुकानदारांची खाती बंद केली आणि धावत बाईंकडे गेलो.

“बाई, हॅकर होते. तीन तालुक्यांतून आले होते. रोखले.”

बाईंनी चष्मा काढला. “देवणीत हॅकर?”

तेवढ्यात माझा फोन वाजला. लोह्याचा दुकानदार. बाईंनी खुणेनं स्पीकर लावायला सांगितला.

“ओ साहेब, काय लावलंय? सकाळधरून तुमचं ते गोल गोल फिरून राहिलं. मी दाबून दाबून अंगठा झिजवला. आता म्हणतंय, तुमचं खातं संशयास्पद! मी संशयास्पद? बारा वर्षं माल घेऊन राहिलो तुमचा!”

“पण इतकी घाई कशाला? पोळा होऊन गेला ना?” मी म्हणालो.



“कुण्या गावचं पाणी पिता, साहेब? पोळा आठ दिवसांवर हाय! यंदा धोंड्याचा महिना न्हाई का आला?”



धोंड्याचा महिना म्हणजे अधिक महिना. दर दोन-तीन वर्षांनी पंचांगात एक महिना जास्तीचा येतो आणि पुढचे सगळे सण गेल्या वर्षीच्या तारखेहून वीसेक दिवस पुढे सरकतात. पोळा अमावास्येला, तोही सरकतो. हे मला माहीत नव्हतं का? अहो, त्याच महिन्यात मी सासरी गेलो होतो! जावयाला धोंडे खायला बोलावतात, म्हणून सुट्टी काढून गेलो होतो. पुरणाचे अकरा धोंडे खाल्ले. नवे कपडे घेतले. बाईंसमोर उभा होतो तेव्हा अंगात तोच शर्ट होता.

बाईंनी शर्टाकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं असावं.

“नांदेडला फोन लावा,” एवढंच म्हणाल्या.

चाचांनी फोन उचलला, तो मागच्या गोंगाटासकट. “बोला बाई. हाव, माल इथंच हाय. साहेबाची गाडी काही मिळाली न्हाई… लोह्याचे दोन टेम्पो भरले, उमरीचा भरून राहिला. सगळे मलाच फोन करून राहिले ना. कागदावर लिहून घेऊन राहिलो.”

“चाचा, तुम्हाला तारीख ठाऊक होती?” मी विचारलं.

“साहेब, आमची ईद चांदावर, तुमचा पोळा चांदावर. ज्याला चांद बघायचाय, त्याला दोन्ही दिसतं. बैठकीत बोलणार होतो, पण तुम्ही म्हणाले शेवटी.”

दहा यंत्रं पुन्हा चालू करायला मला दहा मिनिटं लागली. तिन्ही तालुक्यांची खाती उघडून एकेका दुकानदाराची माफी मागायला संध्याकाळ झाली. देवणीचा दुकानदार म्हणाला, “माफी राहू द्या, झुली पाठवा.” पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, बैलांचे खांदे मळून त्यांना जेवणाचं आवतन देतात त्या वेळेच्या आत, शेवटचा गोंडा लोह्यात पोचला.

पोळ्यानंतरच्या बैठकीत बाईंनी बेचाळीस स्लाइड पुन्हा लावायला सांगितल्या. पहिलीवरच थांबवलं.

“सुसंगत म्हणता, ते कशाशी?”

मी दुसरी स्लाइड शोधू लागलो. चाचाच म्हणाले, “सोपं हाय बाई. पोळ्याच्या सकाळी बैलाच्या शिंगाला गोंडा पायजे. ज्यानं पोचतो ते ठेवा, मशीन असो का मी.”

आता पहिल्या स्लाइडवर तेवढंच आहे. अडतिसावी उडाली. गोदामाची किल्ली चाचांच्या कमरेलाच आहे. यंत्रं किती आणि कधी, हे ठरवायच्या आधी मला नांदेडला फोन करावा लागतो, आणि चाचा दरवेळी सावकाश म्हणतात, “थांबा, कॅलेंडर बघतो.” ते बघत नाहीत, त्यांना पाठ आहे. मला ताटकळत ठेवायला त्यांना आवडतं.

त्या बैठकीहून निघताना त्यांनी पिशवीतून एक घुंगरमाळ काढून माझ्या टेबलावर ठेवली.

“मशीनसाठी का, चाचा?”

“न्हाई साहेब, तुमच्यासाठी. कुठं चालले ते आम्हाला ऐकू आलं पायजे.”