एक बिल्ला जास्त

माझ्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, दातांच्या कवळ्या बनवतात. घराच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर, प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असतात आणि दाजी मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवत असतात. दिवसभर इतकी तोंडं समोर उघडी, पण एकही उलट उत्तर देत नाही, म्हणूनच यांना हा धंदा मानवला, असं ताई म्हणते. कारण दाजी घाबरट आहेत. ही चहाडी नव्हे. ते स्वतःच आपली ओळख करून देताना नावापाठोपाठ हे सांगून टाकतात.

कुलूप लावलं की ते ओढून बघतात, आणि ओढल्यामुळे सैल झालं असेल म्हणून पुन्हा काढून लावतात. पावसाळ्यात दोन छत्र्या नेतात, एक उडून गेली तर हाताशी दुसरी असावी म्हणून. आणि इंजिन असलेल्या प्रत्येक वस्तूला ते बिचकतात. उभ्या ट्रकच्या पुढूनसुद्धा ते हात दाखवून जातात.

त्यामुळे पाणथळीतला रस्ता म्हणजे त्यांच्यासाठीच बांधल्यासारखा. आमच्या गावापासून पलीकडच्या वस्तीपर्यंत नुसतं पाणी, चिखल आणि डोक्याइतकं उंच लव्हाळं पसरलेलं आहे. त्यातून एक बांध जातो आणि बांधावर अरुंद डांबरी रस्ता. बांध भुसभुशीत आहे, म्हणून मोटार सोडाच, स्कूटरलाही मज्जाव. फक्त सायकली आणि पायी माणसं. पलीकडच्या वस्तीत दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे, तिथे कवळ्या पोचवायला दाजी याच रस्त्याने जाऊ लागले. आणि पहिल्याच फेरीत त्यांना नवा शोध लागला, की आपल्याला शांततेचीही भीती वाटते.

ना भोंगा, ना माणूस. लव्हाळं सळसळतं, पाणकोंबडी अचानक किंचाळते, पाण्यात काहीतरी डुबकन बुडतं आणि वर यायचं नाव घेत नाही. त्यात मागच्या कॅरियरवरच्या पत्र्याच्या डब्यात कवळ्या. रस्ता जरा उखडलेला आला की त्या कडकड वाजायच्या. आपणच बनवलेले दात, आपणच कापसात गुंडाळलेले, हे ठाऊक असूनही दाजी मागे वळून बघायचे. ‘कुणीतरी थंडीने काकडत मागे बसलंय, असं वाटतं हो,’ असं त्यांनी मला एकदा सांगितलं, आणि मी हसलो तेव्हा तेही हसले, पण उशिरा.

या रस्त्याची एक रीत आहे. मधोमध थोडा सखल भाग आहे. साठलेलं पाणी नदीकडे सोडायला आमच्या गावाकडच्या टोकाला, रस्त्याच्या फाटकापाशी, लोखंडी दारं आहेत. संध्याकाळी ती उघडली की पाणी त्या सखल भागावरून वाहतं. तेव्हा रस्त्यावर कुणी नको. म्हणून फाटकाच्या खोलीबाहेर फळीवर खिळे आहेत आणि प्रत्येक खिळ्याला पितळी बिल्ला. आत जाताना एक घ्यायचा, बाहेर आलं की टांगायचा. पलीकडच्या टोकालाच थांबलात तर तिथल्या दुकानदाराकडे द्यायचा, तो सकाळी परत पाठवतो आणि तसा निरोप लगेच फोनवर देतो. एकही खिळा रिकामा असला आणि निरोप नसला, तर फाटकवाली बाई दारांना हात लावत नाही.

ही बाई म्हणजे जाडजूड, सावकाश चालणारी, चष्म्याला दोरी बांधलेली. दाजींना ती ‘कवळीवाले’ म्हणायची आणि त्यांचा चेहरा बघून रोज विचारायची, की आज आत काय दिसलं, वाघ की सिंह. दाजी म्हणायचे, दिसलं नाही, हीच तर काळजी आहे.

आता छत्र्या दोन नेणारा माणूस बिल्ला एकच घेईल काय? त्या दिवशी बाई खोलीमागे दारांना वंगण लावत होती, तेवढ्यात दाजींनी एक बिल्ला पँटच्या खिशात टाकला आणि एक शर्टाच्या. पहिला पाण्यात पडला तर निदान दुसरा दाखवता येईल, एवढाच साधा विचार. डॉक्टरीणबाईंना कवळ्या दिल्या, दुरुस्तीला आलेल्या दोन कवळ्या डब्यात घेतल्या, परत आले. धुकं उतरायला लागलं होतं. सुटलो बुवा, म्हणून त्यांनी पँटच्या खिशातला बिल्ला टांगला आणि घरी आले.

ताईने शर्ट धुवायला घेतला, खिसा चाचपला आणि पितळी चकती हातावर घेऊन मागच्या खोलीत गेली.

“अहो,” ती म्हणाली, “हा इथे कसा?”

मी तिथेच बसलो होतो. दाजींच्या हातातला दात मेणावरून घसरला. चेहरा टेबलावरच्या प्लास्टरसारखा झाला. एक खिळा रिकामा. म्हणजे कुणीतरी अजून आत आहे. म्हणजे बाई शोधायला जाणार. धुक्यात, त्या अंगाने, त्या चष्म्याने. मी म्हटलं, चला, मीही येतो. पण मी चपला शोधेपर्यंत दाजींची सायकल गल्लीच्या बाहेर पडली होती, डबा तसाच मागे बांधलेला.

पुढचं त्यांनीच सांगितलं, तेही अनेक बैठकांत, कारण मध्येच त्यांना पाणी प्यावं लागायचं.

फाटकाच्या खोलीत दिवा लागलेला, चहाचा पेला भरलेला आणि गार. बाईची सायकल नाही. दाजींनी हाका मारल्या. उत्तर नाही. डोक्यात एकच, की आधी चूक दुरुस्त करावी. त्यांनी बिल्ला रिकाम्या खिळ्याला टांगला, सरळ केला आणि आत शिरले.

धुक्यात हँडलच्या पुढचं दिसत नव्हतं. डब्यात दात कडकडत होते आणि तोंडातलेही. त्या दिवशी यातले कोणते वाजताहेत हे त्यांना सांगता येईना. लव्हाळ्यातून बगळा उडाला तेव्हा ते सायकलीवरून उतरले आणि तिच्यामागे लपले. मग लक्षात आलं, की सायकलीच्या आरपार दिसतं. पुन्हा बसले. रडत होते, हे ते लपवत नाहीत.

सखल भागात बाईची सायकल रस्त्यावर आडवी पडलेली दिसली. आणि खालून, अगदी हळू आवाजात कुणीतरी म्हणालं, “पुढे येऊ नका. इथे पाय आत जातोय.”

बाई कमरेपर्यंत चिखलात होती. लव्हाळ्याची मूठ धरून. पाण्यात माणसाच्या पाठीसारखं काही दिसलं म्हणून ती उतरली होती. ते जुनं पिंप निघालं.

“बिल्ला माझ्याकडे होता,” दाजी म्हणाले. “जास्तीचा. मी घरी होतो. पण काळजी नको, आता टांगून आलोय.”

बाईने मान वर केली.

“म्हणजे फळी भरली?”

“भरली.”

“कवळीवाले, एक खिळा रिकामा होताच, म्हणून मी बिल्ला न घेता आले. या वेळेला रात्रपाळीचा मुकादम येतो. फळी भरलेली बघून तो दारं उघडणार.”

पळून जावंसं वाटलं का, असं मी दाजींना विचारलं, तर म्हणाले, वाटलं, पण पाय ऐकेनात, म्हणून तिथेच थांबलो. याला ते अजूनही धैर्य म्हणू देत नाहीत. लांबून लोखंड घासल्याचा आवाज आला. दोघांनी घसे फाटेस्तोवर हाका मारल्या, धुक्याने त्या गिळल्या. मग रस्त्यावर पाण्याचा पातळ थर सरकत आला आणि दाजींच्या बुटांत शिरला.

त्यांनी आपली सायकल उचलली आणि चिखलावर आडवी टाकली. तिच्यावर पोटावर पडले, बाईचं मनगट धरलं आणि ओढलं. बाई जागची हलेना. सायकल रुतू लागली. बाई म्हणाली, सोडा मला, तुम्ही जा. दाजी म्हणाले, एकटा कसा जाऊ, मला भीती वाटते. हे ऐकून तिला त्या अवस्थेत हसू फुटलं, आणि हसताना अंग सैल पडलं की काय कोण जाणे, एक पाय सुटला. तो तिने सायकलीच्या दांडीवर टेकवला आणि वर आली. सायकल मात्र खाली गेली. डब्यासकट.

पाणी गुडघ्यापर्यंत चढलं होतं. रस्ता दिसत नव्हता, फक्त पायाखाली डांबर लागत होतं. डांबर संपलं की मेलो, एवढाच हिशेब. मध्ये बाईची सायकल, पुढे तिने हँडल धरलेलं, मागून दाजींनी कॅरियर. फाटकाकडचा चढ लागला, पाणी घोट्यापर्यंत आलं, मग मागेच राहिलं. दोघं कोरड्या रस्त्यावर बसली.

बाई म्हणाली, “इतकी वर्षं फाटकावर आहे, पण अंधार पडताना मी कधी इथवर आले नव्हते. मला फार भीती वाटते इथली.”

“मग आलात कशाला?”

“वाटलं, आत कुणीतरी एकटं असेल. घाबरलं असेल.”

दाजींनी बुटातलं पाणी ओतून टाकलं.

“घाबरलेलं होतंच,” ते म्हणाले. “फक्त घरी होतं.”

बाईने चिखलाच्या हाताने त्यांच्या पाठीवर एक जोरात चापट मारली. ती रागाची की मायेची, हे दाजींना आजही सांगता येत नाही. मग उठायची वेळ आली. दाजींना आता मागे चालायचं नव्हतं, कारण मागून काय येईल सांगता येत नाही. बाईला पुढे चालायचं नव्हतं, कारण पुढे काय आहे ते दिसत नाही. दाजींनाही पुढे चालायचं नव्हतंच. रस्ता एका सायकलीपुरता. शेवटी सायकल तिथेच ठेवून दोघं खांद्याला खांदा लावून, एकेक पाय जवळजवळ बांधाच्या कडेवर टाकत निघाली, आणि समोरून कंदील घेऊन धावत येणारा मुकादम दिसला तेव्हा दोघं एकदमच किंचाळली.