खाडीचं पाणी लाल झालं तेव्हा

वजीरा मूळची श्रीवर्धनजवळच्या एका खाडीकाठच्या गावातली. लग्न होऊन ओमानला आली, त्याला २०१४ साली बावीस वर्षं झाली होती. मस्कतपासून तासाभरावर मासेमारांची एक वस्ती होती. तिथे तिच्या नवऱ्याचं, यूनुसचं, दोर आणि जाळ्यांचं दुकान होतं. वस्तीला लागून समुद्राचं पाणी आत शिरायचं. तिथले लोक त्याला खोर म्हणायचे, वजीरा खाडीच म्हणायची.

दर वर्षी मार्चमधल्या एका शुक्रवारी वस्ती या खाडीचा सण करायची. सकाळी सगळे पाण्यात उतरून प्लास्टिक, तुटकी जाळी बाहेर काढत. मग होड्यांची शर्यत, आणि जुम्म्याच्या नमाजानंतर भात आणि खाडीतल्याच तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या. दोनशे माणसं एकत्र जेवायची. स्वयंपाक उम्म सालिमच्या देखरेखीखाली चाले. सत्तरीची ही बाई सालिमची आई; सालिम म्हणजे यूनुसचा अर्बाब, ज्याच्या नावावर दुकान आणि व्हिसा होता तो मालक.

त्या वर्षीच्या शुक्रवारी वजीरा गुडघाभर पाण्यात उभी राहून नायलॉनचं जाळं ओढत होती. खाडीच्या तोंडाशी तिची नजर गेली आणि हात थांबले. पाणी विटकरी दिसत होतं. कडेला फेस, त्यात बोटाएवढे मेलेले मासे.

"हे कधीपासून?" तिने शेजारच्या बाईला विचारलं.

"दोन-तीन दिवस झाले. वाऱ्याने गाळ वर आला असेल."

गाळ नव्हता तो. वजीरा अकरा वर्षांची असताना गावची खाडी अशीच लाल झाली होती. तिच्या धाकट्या बहिणीने, फरिदाने, दुपारी तिसऱ्यांचं कालवण खाल्लं. आधी ओठांना मुंग्या आल्या, मग हात बधिर झाले, मग श्वास लागेना. संध्याकाळ व्हायच्या आत, अस्रच्या नमाजाआधी पोर गेली. नंतर आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं, अशा पाण्यातलं विष तिसऱ्यांत साठतं आणि कितीही उकळलं तरी जात नाही.

ती तशीच ओल्या कपड्यांनी चुलाण्याकडे धावली. गॅसवर दोन मोठी पातेली रटरटत होती.

"उम्म सालिम, हे कुणाला वाढू नका. पाणी खराब आहे."

म्हातारी हसली. "चाळीस वर्षं मी याच खोरचं खाते, वजीरा."

वजीराने फरिदाचं सगळं सांगितलं. तिच्या मोडक्या अरबीत ते धड उतरेना. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. वजीराची मुलगी सिदरा फोन घेऊन बाजूला झाली होती, ती परत आली. "अम्मी, फिशरीज ऑफिस बंद आहे. फ्रायडे ना. कोणी उचलतच नाय."

मशिदीकडे निघालेल्या यूनुसने तिला बाजूला घेतलं. "वजीरा, अर्बाबच्या घरचं जेवण आहे. आपला व्हिसा त्याच्या हातात. काय करतेयस तू?"

"आणि उद्या दोनशे जनाजे निघाले तर?"

तो खाली मान घालून नमाजाला गेला.

वजीराने पुढे होऊन दोन्ही गॅस बंद केले. गलका झाला. तेव्हा उम्म सालिम उठली. तिने पातेल्यातून चार तिसऱ्या काढल्या, सगळ्यांसमोर खाल्ल्या आणि म्हणाली, "बघ. खलास. आता चूल पेटव."

"अर्धा तास थांबा. फक्त अर्धा तास," वजीरा हात जोडून म्हणाली. म्हातारीला तिची कीव आली असावी. ती चटईवर बसली. वजीरा पातेल्यांपुढून हलली नाही. आपलं चुकावं, अख्ख्या वस्तीत हसं व्हावं, अशी दुआ ती मनातल्या मनात मागत होती.

नमाज संपला. भुकेले पुरुष आले. सालिमने बंद गॅस पाहिला आणि यूनुसला म्हणाला, "बायकोला घरी घेऊन जा."

यूनुस पुढे आला आणि वजीराच्या शेजारी उभा राहिला. "माफ करा, अर्बाब. ती उगाच बोलणारी नाही."

सालिम पुढे काही बोलणार, तोच उम्म सालिमने ओठांवर बोटं फिरवली. "सालिम," ती हळू आवाजात म्हणाली, "तोंड बधिर झालंय माझं." उठायला गेली तर पाय साथ देईनात.

यूनुसने दुकानाची गाडी काढली. वजीरा मागे म्हातारीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. "श्वास घ्या. अजून एक. अजून एक," ती मराठीतच सांगत राहिली. हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत म्हातारीचे ओठ निळे पडले होते.

दोन दिवस तिला मशीनवर ठेवलं. तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले. वस्तीत दुसऱ्या कुणीही घास खाल्ला नव्हता. पातेली लांब नेऊन, खड्डा करून पुरली गेली.

पाण्याची तपासणी झाली आणि सात आठवडे तिसऱ्या काढायला बंदी आली. दोन-तीन घरांनी वजीराशी बोलणं टाकलं. त्यांचे मासेसुद्धा त्या दिवसांत कुणी घेत नव्हतं. तिने ते मुकाट्याने सोसलं. उम्म सालिमने मात्र बरी होताच बायकांना बोलावून नियम केला: दर गुरुवारी खोर बघून यायचं, आणि पाण्याचा रंग बदलला की कुणी टोपली उचलायची नाही. पहिल्या गुरुवारी ती काठी टेकत स्वतः वजीराच्या दारात आली.

"चल," ती म्हणाली, "काय बघायचं असतं ते मला शिकव."