चित्र अडकलंय

तिघा भावंडांत धाकट्याचं लग्न झालं नव्हतं, आणि लग्न न झालेल्या माणसाला काही काम नसतं असं थोरल्या दोघांचं ठाम मत होतं. त्यामुळे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांना सांभाळणं आपसूक त्याच्या गळ्यात पडलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. त्यानं बिनपगारी रजा टाकली. दादा आणि ताई परगावी होते. त्यांनी काळजी करायचं काम घेतलं.

काळजी करायची तर बाबा दिसायला हवेत. "खोलीत कॅमेरा लाव," दादा फोनवर म्हणाला. "पण त्यांचं अंग पुसतानाचं चित्र कुठल्या कंपनीच्या कम्प्युटरवर जायला नको. घरची अब्रू घरात राहू दे. तुला जमतं ना ते वायरींचं?"

जमत नव्हतं, पण तो शिकला. भंगारातला एक कम्प्युटर शेजारच्या खोलीत मांडून त्यानं त्याचा सर्व्हर केला, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्र तिथंच साठेल आणि थेट दादा-ताईच्या फोनवर दिसेल. पहिलं सॉफ्टवेअर इतकं जड निघालं की यंत्र धापा टाकायचं आणि चित्र उचक्या द्यायचं. दुसरं हलकं होतं. खोलीत हालचाल झाली तरच रेकॉर्ड करायचं. वडील हलतच नव्हते.

"दिवसभराचं रिकामंच आहे," ताई कडाडली. "तू करतोस काय तिथे?"

शेवटी अखंड रेकॉर्ड करणारं तिसरं सापडलं आणि ते दोघांच्याही पसंतीस उतरलं. तेव्हापासून त्यांचं येणं थांबलं. रोज दिसतातच की बाबा, येऊन निराळं काय दिसणार?

पण दुपारी चित्र गायब व्हायचं. त्यानं केबल बदलली, राउटर बदलला, सगळं पुसून पुन्हा भरलं. फोन मात्र लगेच यायचा, "बंद पडलंय." बाबा कसे आहेत, हे विचारायचं कुणाला सुचत नसे.

मग त्याच्या ध्यानात आलं, टीव्ही लावला की कॅमेरा मरतो. वडिलांची वाचा गेली होती, फक्त डावा हात थोडा उरला होता. दुपारच्या कुस्त्या लागल्या की त्या हाताची बोटं चादरीवर डाव टाकत.

"मग टीव्ही बंद ठेव," दादा म्हणाला. "त्यांना काय कळतंय त्यातलं?"

"कळतं, दादा."

"आम्हाला बाबा दिसायला हवेत. विषय संपला."

टीव्ही बंद राहिला. वडील काळ्या पडद्याकडे बघत, मग त्याच्याकडे. "थांबा बाबा, दुरुस्त करतो," म्हणून तो शेजारच्या खोलीत जायचा, आणि जायचा तो तिथलाच व्हायचा. वडिलांच्या टाचेला जखम झाली, ती आधी ताईला दिसली, फोनवर.

एका दुपारी खोड सापडली. नेटवर्कवरचा जो पत्ता त्यानं कॅमेऱ्याला स्वतः नेमून दिला होता, तोच पत्ता राउटर टीव्हीलाही देत होता. एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडं! त्यानं एक आकडा बदलला आणि तिथूनच ओरडला, "बाबा, सापडलं! लावतोच आता टीव्ही!"

आधी कम्प्युटरच्या पडद्यावर खात्री करून घ्यावी म्हणून तो बसला. चित्र स्वच्छ होतं. वडिलांचं तोंड उघडं, छाती हलत नव्हती. अडकलं वाटतं, असं म्हणत त्यानं सॉफ्टवेअर पुन्हा चालू केलं. तेच चित्र. मग अख्खा सर्व्हर बंद करून चालू केला. तेच.

फोन वाजला. "अडकलंय परत," दादा म्हणाला. "बघ जरा."

"बघतोय."

तेवढ्यात त्याचं लक्ष चित्राच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे गेलं. सेकंद पळत होते.

आता दोघंही आले. जमलेल्या नातेवाइकांसमोर ताईनं रेकॉर्डिंग लावलं. मरण्याआधी वडिलांनी डावा हात उचलला होता. "तुला बोलावत होते रे ते," ती रडत म्हणाली. "आणि तू यंत्राशी खेळत बसलास!"

सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. "मला नव्हतं बोलावत," तो म्हणाला. "टीव्हीकडे बोट होतं त्यांचं."

दादानं चष्मा पुसला. "मग लावून द्यायचा होतास."

थोड्या वेळानं ताईनं तो तुकडा फोनवर मागितला, आणि त्यानं पाठवला.