थंड पाण्याची दोरी

ओमानमधल्या दुक्मच्या किनाऱ्यावर, मे महिन्याच्या उन्हात वापरायला मी मासे धरायची थंड पाण्याची दोरी विकत घेऊन गेलो. एखाद्या नवख्याने हे केलं असतं तर चाललं असतं. मी मस्कतच्या गाला भागात गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर बारा वर्षं उभा आहे, आणि चासी नंबर विचारल्याशिवाय गिऱ्हाइकाला साधा ऑइल फिल्टरही देत नाही. बरं, दोरी नेली कोणासाठी, तर माझ्या साडूंसाठी. दोरीच्या बाबतीत इतका तुसडा माणूस ब्रह्मदेवाने दुसरा केलेला नाही. हा एक करून झाला तेव्हाच साडूंनी ब्रह्मदेवाची सगळी बांधणी तपासून नापास केली असणार.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाव दापोलीकडे, मुक्काम सहा वर्षं दुक्मच्या कॅम्पात, हुद्दा रिगिंग सुपरवायझर. क्रेनने जे काही उचलायचं त्याला दोर, साखळ्या, पट्टे नीट लागलेत की नाहीत हे बघणं त्यांचं काम, आणि ते काम ते सुट्टीच्या दिवशीही सोडत नसत. दुसऱ्याने मारलेली गाठ त्यांना बघवत नाही. माझ्या लग्नात भटजींनी शेल्याला आणि शालूला मारलेली गाठ त्यांनी भर मांडवात सोडली आणि स्वतःच्या पद्धतीने परत मारली. "ही लोड घेणार नाही," असं भटजींना वर सुनावलं. (गाठ टिकली. तीन तास सुटेना, शेवटी मेहुणीने विळी आणली.) मस्कतहून मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा गाडीच्या टपावर बांधलेली फणसाची पेटी पाहून त्यांनी "ये, बस" म्हणायच्या आधी "सोड" म्हटलं. मी सोडली. त्यांनी बांधली. मग म्हणाले, "आता परत सोड, पेटी आत घेऊ." कॅम्पातल्या लोकांच्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या ते संध्याकाळी फिरता फिरता ताणून बघत. त्यामुळे साडू येताना दिसले की केरळपासून बिहारपर्यंतची माणसं आपापले लेंगे घेऊन आत पळत.

अशा माणसाला एका स्कॉटिश इंजिनिअरने घरी परतताना आपली फ्लाय फिशिंगची, म्हणजे गळाला खोटी माशी लावून मासे धरायची, काठी आणि खोट्या माश्यांचा डबा भेट दिला. म्हणजे आगीत तूपच. त्या माश्या नावाच्याच माश्या. पिसं, केस आणि गळ्यात जड धातूचा मणी, असा एकेक ऐवज ओल्या उंदरासारखा दिसे. तिकडच्या थंड ओढ्यांत ट्राउट नावाचा मासा असतो, त्याला हे उंदीर म्हणजे लहान मासोळ्या वाटतात म्हणे. ओमानच्या समुद्रात ट्राउट औषधालाही नाही. पण साडूंना माशाचं कुठे पडलं होतं? त्यांना पडली होती दोरीची. "साध्या गळाला शिसं लावून कोणीही फेकेल," ते तुच्छतेने म्हणत. दापोलीच्या समस्त गळवाल्यांचा, स्वतःच्या सख्ख्या भावासकट, त्या एका वाक्यात निकाल लागे. "इथे वजन दोरीत असतं. दोरी उडते. माशी नुसती मागून फरपटत येते. तुझ्यासारखी. तुला तुझी बायको नेते तशी."

रोज संध्याकाळी कॅम्पाच्या पार्किंगमध्ये सराव चाले. गळ मोडून टाकलेली माशी आणि इंजिनिअरची जुनी दोरी. एकदा ती माशी आचाऱ्याच्या पगडीत अडकली आणि पगडी बारा हात उलगडत गेली. आचारी ओरडला, "अरे भाईसाब, मछली समुंदर में है!" साडूंनी त्याला पगडी कशी बांधावी ते शिकवलं.

सहा वर्षांत मासा मात्र एकही नाही. आधी साडूंची फेक तयार नव्हती, मग वारा वैरी होता, आणि फेक तयार झाली तोवर त्या दोरीला चिरा पडल्या. एवढ्यात कंत्राट संपलं. शनिवारी विमान, आणि साठीला टेकलेल्या माणसाला परत कोण बोलावतंय? मला फोन आला. या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी मागितलं. "शेवटचा शुक्रवार आहे. एक मासा धरायचाय. फक्त एक. त्या साहेबाला शब्द दिलाय आणि घरी भावालाही. दोरी आण. लिहून घे: आठ नंबर. पुढचा भाग जाड, आखूड, जड, नाहीतर ती माशी वाऱ्यात हलणार नाही. मागे बारीक. आणि गरम पाण्याची."

मी लिहून घेतलं. इथवर माझं काहीच चुकलं नव्हतं. गालाच्याच एका गल्लीत बोटींचं सामान विकणारे राजापूरचे एक चाचा आहेत. त्यांनी दोन डबे पुढे ठेवले. दोन्ही आठ नंबर, दोन्ही पुढे जड. एकावर माडाचं चित्र, दुसऱ्यावर ठिपक्याठिपक्यांचा ट्राउट. आणि इथे मी डोकं चालवलं. माश्या ट्राउटच्या, मग दोरी माडाची कशी चालेल? टोयोटाला निस्सानचा पार्ट? चाचा म्हणाले, "अहो, ही थंडीतली आहे. इथल्या गरमीत तिची खीर होईल." मी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं मी काउंटरपलीकडून फिल्टर ओळखायला आलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहतो. डबा घेतला, आणि वर सहा तासांच्या प्रवासात तो विंडस्क्रीनखाली, उन्हात ठेवला. हाताशी असावा म्हणून.

शुक्रवारी सकाळी किनाऱ्यावर साडूंनी डबा उघडला. वाचला. परत वाचला. मग दोरी रिळावर भरून, काठीच्या कड्यांतून ओवून फेकली. दोरी कड्यांना चिकटत चिकटत निघाली, शिजलेल्या शेवयांसारखी त्यांच्याच पायांवर पडली, आणि तो जड उंदीर वाऱ्याने मागे येऊन माझ्या कानावर बसला.

"लागलं?" साडूंनी विचारलं.

"हो, भाऊ."

"बरं झालं."

मग तोंडाचा पट्टा सुरू झाला. माझी नजर, माझा धंदा, मला गालामध्ये कामाला ठेवून घेणारा मालक, म्हणजे अर्बाब, मला मुलगी देणारे आमचे दोघांचे सासरे, क्रमाने सगळ्यांचा उद्धार झाला. सासऱ्यांपाशी ते जरा जास्तच रेंगाळले. आणि तेवढ्यात, केवळ मार चुकवावा म्हणून, मी म्हणालो, "थंड पाण्याची आहे ना? मग थंड करू." बर्फाच्या पेटीत लबनच्या, म्हणजे इकडच्या ताकाच्या, बाटल्या होत्या. साडूंनी माझ्याकडे, पेटीकडे, परत माझ्याकडे पाहिलं. इतक्या तिरस्काराने कोणी कधी "बघ" म्हटलं नसेल.

दहा मिनिटांनी रीळ बाहेर काढलं. दोरी ताठ! पहिली फेक वीस हात. दुसरी तीस. सहाव्या फेकीला पुन्हा शेवया. परत बर्फ, परत पाच फेका. असे आम्ही दोन घरंदाज जावई त्या ओसाड वाळूत तीन तास दोरीला गारवा देत होतो, आणि साडूंची ती फेक काय वर्णावी! डोक्यावरून दोरीचा लांबलचक वेटोळा उलगडत जायचा आणि टोकाचा तो उंदीर लाटेपलीकडे अलगद पडायचा. एरवी जगाला नावं ठेवणारं ते तोंड फेकताना लहान मुलासारखं उघडं राहायचं.

आणि मासा लागला. दोरी सणसणत निघाली, काठी वाकली. पंधरा मिनिटं शिवी नाही, टोमणा नाही. मासा पाण्याबाहेर उडाला तेव्हा दिसलं: लांब चोचीचा टोळ. आमच्याकडे बाजारात टोळाला कोणी विचारत नाही, साडू तर त्याला मासाच म्हणत नाहीत. पण त्या वेळी ते हळूच म्हणाले, "ये राजा, ये." मी मोबाइल काढला आणि फोटो समोरून मिळावा म्हणून पुढे धावलो. वाळूवर सुटी दोरी पडली होती, पुन्हा मऊ आणि चिकट झालेली. ती माझ्या चपलेला चिकटली. त्याच क्षणी टोळाने शेवटची उडी घेतली. दोरी ताणली, माझ्या पायाखाली अडली, टोकाशी काडकन तुटली.

मी शिव्यांची वाट पाहिली. आल्या नाहीत. त्याचीच भीती वाटली. साडू वाळूवर बसले आणि तुटलेलं टोक ओढून घेऊन तपासू लागले. मग "खलास," म्हणाले आणि उठले. काठी आवरताना त्यांनी माझ्या चपलेला चिकटलेली दोरी सोडवली. हळू, तुटू न देता. मी "भाऊ, माझं चुकलं" म्हणालो, तर म्हणाले, "पाय उचल."

ते गावी परतल्याला आता वर्ष होत आलं. मध्ये एका शुक्रवारी मी फोन केला. आवाज थकलेला वाटला. "काय करणार? घरातल्या सगळ्या गाठी माझ्या मारून झाल्या. वाडीतल्यासुद्धा. आता तपासायलाही काही उरलं नाही," म्हणाले. विषय बदलावा म्हणून मी विचारलं, त्या माशाचं गावात काय सांगता?

आवाजाला एकदम धार आली. "सांगतो की. मासा दर वेळी वीतभर वाढवून सांगावा लागतो. तुझा गाढवपणा मात्र होता तेवढाच सांगतो. त्याला वाढवायला जागाच नाही."